ओळख कोणी ठरवायची?

माणूस मूळ भूमीपासून दुरावला, त्याची भाषा बदलली, आडनावही बदलले, तर तो कोण उरतो? धरमपेठेतील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. कुणाचे पूर्वज गोव्याचे, कुणाचे केरळचे. मुले मात्र नागपूरच्या मातीत वाढलेली. अशा वेळी आम्हांला कोकणातील बेने इस्राएल समाजाचे स्मरण होते.

जहाज फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे या समाजाची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हिब्रू विस्मरणात गेली, मराठी मायबोली झाली; पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर झाले. परंतु शब्बाथ, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते गोड पोह्यांचा मलिदा करतात. त्यात कोकणही आहे आणि इस्राएलही.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र उभे राहिल्यावर त्यांच्यातील बहुसंख्य तिकडे गेले. पण १९६२ साली तेथील धर्मपीठाने, इतर यहुद्यांशी विवाह करण्यापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी व्हावी, असा आदेश काढला. या लोकांनी आंदोलन केले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे जाहीर केले. पुढे याच लोकांनी तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढले.

कोकणातील शेजाऱ्यांनी वंशावळ मागितली नव्हती. शनिवारी घाणा थांबतो, एवढेच त्यांनी पाहिले. स्वजनांनी मात्र पुरावा मागितला. आम्हांला वाटते, ओळख रक्तापेक्षा जपणुकीत अधिक असते. मग ज्याच्याकडून जपणूक झाली नाही, त्याला आपण परका म्हणावे काय? मुळीच नाही. ज्याला कुणी शिकवलेच नाही, तो जपणार तरी काय?

बाबेलच्या बंदिवानांना यिर्मयाने घरे बांधण्यास, मळे लावण्यास आणि त्या परक्या नगराचे हित पाहण्यास सांगितले होते. नव्या गावाशी एकरूप होणे हा जुन्याचा द्रोह नव्हे. सोयरीक जुळवताना आपण "मूळ गाव कुठले?" असे विचारतो. ओळख वाढावी म्हणून जरूर विचारावे. समोरच्याला तोलण्यासाठी विचारणार असू, तर आधी आपल्या मुलांना आपण काय शिकवले, ते पाहावे.