साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून आरोपीच्या पिंजऱ्यात

स्वमग्नतेच्या संशोधनाचा आरंभ सांगू लागले की चर्चा बहुधा पहिला मान कोणाचा यावरच अडकते. मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचे बारकाईने केलेले वर्णन १९२६ मध्ये जर्मन नियतकालिकात आले. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांचा अकरा मुलांवरचा निबंध १९४३ चा, तर व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचा १९४४ चा. नुसत्या तारखा लावल्या तर सुखारेवा पुढे आहेत, आणि त्यांचे काम इतकी वर्षे अडगळीत पडले हे मानसोपचारशास्त्राला शोभणारे नाही. पण या शर्यतीच्या नादात एक वेगळा प्रश्न राहून जातो. डॉक्टरांनी जे लिहिले, ते मुळात पाहिले होते कोणी? बाल्टिमोरपुरते तरी उत्तर स्पष्ट आहे : मुलांच्या आईवडिलांनी. या विषयाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक पुरावा अपुरा होता म्हणून झाली नाही, असे मला वाटते. ज्यांनी पुरावा आणून दिला त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, म्हणून ती झाली.

१९३८ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाची ३३ पानांची टंकलिखित हकिगत कॅनर यांना पाठवली. निबंधातला पहिला रुग्ण, ‘डोनल्ड टी.’, तो हाच. वर्षाचा असताना तो कितीतरी चाली बिनचूक गुणगुणे. पुढे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ झाली. वस्तू गरगर फिरवण्यात तो रमे, एकटा सोडला की सर्वांत खूश असे आणि बाप घरी आला तरी त्याला त्याची दखल नसे. दवाखान्यातल्या तासाभराच्या तपासणीत यातले फार थोडे हाती लागले असते. चाल कोणत्या वयात आली, दखल घेणे कधी थांबले, हे रोज डोळ्यांपुढे घडताना पाहणाऱ्यालाच सांगता येते. कॅनर यांना हे कळत होते. डोनल्डची कहाणी त्यांनी या पत्रावरच उभी केली आणि माहिती उत्कृष्ट असल्याची पावतीही दिली. मात्र त्याच वाक्यात त्यांनी पत्रातल्या तपशिलाच्या अतिरेकावर बोट ठेवले, आणि निबंधाच्या अखेरीस पालकांच्या या रोजनिश्या व टिपणे म्हणजे त्यांच्या झपाटलेल्या स्वभावाचाच दाखला, असे सुचवले. तपशील कमी असता तर निबंध झाला नसता, आणि तपशील होता म्हणून पालक संशयित ठरले.

यावर कोणी म्हणेल, हा कॅनर यांच्यावर अन्याय आहे. ही मुले माणसांशी भावनिक नाते जोडण्याची उपजत अक्षमता घेऊनच जन्माला येतात, असे त्यांच्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद सांगतो, आणि एकलेपण अगदी तान्हेपणापासून दिसत असल्याने सगळा दोष आईवडिलांच्या वागण्यावर टाकता येणार नाही, हेही त्यांनीच नोंदवले आहे. आक्षेप खरा आहे. तरीही या परिच्छेदाच्या जरा आधी, या कुटुंबांत खऱ्या मायेचे आईबाप फारच थोडे, असा शेरा आहे, आणि वाचकांनी उचलला तो हा शेरा. खुद्द कॅनरही त्याच दिशेने सरकले. १९४९ मध्ये ही मुले कधीही न वितळणाऱ्या शीतकपाटात वाढली, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली. निबंधातल्या अकरा वडिलांपैकी चौघे मानसोपचारतज्ज्ञ होते आणि अकरापैकी नऊ आया पदवीधर होत्या. यातून निघणारा पहिला प्रश्न खरे तर असा की, त्या काळच्या अमेरिकेत कॅनर यांच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयापर्यंत पोचणारे आईबाप होते तरी कोण? शेतमजुराच्या घरातले असे मूल कॅनर यांच्या टेबलापर्यंत आलेच नसते. गाळून आलेल्या गटाचे वैशिष्ट्य आजाराचे कारण म्हणून वाचले गेले.

व्हिएन्नात आस्पर्गर यांनाही आईवडिलांत आणि नातलगांत मुलांसारखीच स्वभाववैशिष्ट्ये दिसली होती. त्यांनी अर्थ लावला तो आनुवंशिकतेचा. आज तो अधिक बरोबर वाटतो, पण तो ज्या शहरात लावला गेला तिथे आनुवंशिक हा शब्द मुलाच्या जिवावर उठू शकत होता. नाझी राजवटीत तिथल्या श्पीगेलग्रुंड या संस्थेत शेकडो अपंग मुले मारली गेली, आणि आस्पर्गर यांनीही काही मुलांना तिकडे पाठवण्याची शिफारस केली होती, हे इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडले. हे ध्यानात घेतले की युद्धोत्तर अमेरिकेत संगोपनाची उपपत्ती अनेकांना अधिक माणुसकीची का वाटली असावी, ते उमगते. रक्तातला दोष जात नाही, वागणुकीतला सुधारता येतो. या माणुसकीची किंमत आयांनी मोजली, एवढेच. शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम स्वतः डाखाउ आणि बूखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटलेले. १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’मध्ये त्यांनी या मुलांची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. मग पहारेकरी कोण, हे वेगळे सांगायची गरजच उरली नाही.

निकाल फिरवला तोही आरोपींनीच. अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड अशाच एका मुलाचे वडील. १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी संगोपनाच्या उपपत्तीचा पुरावा एकेक करून तपासला आणि तो पोकळ ठरवला. पुस्तकाच्या अखेरीस पालकांसाठी प्रश्नावली होती, आणि घरोघरचे आईबाप ती भरून त्यांना पाठवू लागले. म्हणजे डोनल्डच्या वडिलांनी आपणहून केलेले काम आता रीतसर होऊ लागले. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना निर्दोष ठरवत असल्याचे जाहीर केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर वेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत अशी एकही सापडली नाही. आकडे लहान आहेत, पण थंड आईच्या गोष्टीला त्यांत जागा नव्हती.

मग पालक म्हणतील तेच खरे मानायचे काय? मुळीच नाही. याच रिमलँड यांनी पुढे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला आणि लशींवर संशय घेतला. त्यातला लशींवरचा संशय तर मोठमोठ्या अभ्यासांनी खोटा ठरवला. मूल काय करते हे सांगणे एक, ते तसे का करते हे सांगणे दुसरे. पहिल्यात आईबापांना तोड नाही, दुसऱ्यात त्यांची आशा आणि भीती मध्ये येते. डॉक्टरांचीही ती आलीच होती, फक्त तिला सिद्धान्त म्हटले गेले. आणि पहिल्या बाबतीतही पालकांच्या साक्षीला एक हद्द आहे : मूल बाहेरून कसे दिसते ते त्या ३३ पानांत होते, आतून कसे वाटते ते नव्हते. ते सांगणारा साक्षीदार बोलला फार उशिरा. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने आपल्या नावाने शोक करू नका, असे थेट पालकांनाच बजावले. ज्यांची साक्ष एके काळी संशयाने ऐकली जात होती, तेच आईबाप आता ऐकणाऱ्यांत बसले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते रुचले नाही.