शिल्लक ठेवून बांधा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा विषय निघाला की चर्चा फार लवकर टक्केवारीवर घसरते. मोकळी जागा किती टक्के, घरे किती, कार्यालये किती, पर्यटनाला किती. मुंबई बंदराच्या जमिनीसाठी नेमलेली राणी जाधव समिती २०१४ ची, सुमारे ९६६ हेक्टरांच्या आराखड्याचा मसुदा २०१८ चा. तेव्हापासूनचा वाद मुख्यतः नकाशावर कोणता रंग जास्त असावा याचाच आहे. सगळीकडे बागाच करा म्हणणाऱ्यांनी शहराच्या पोटापाण्याचा विचार केलेला नाही आणि सिंगापूर इथे आणा म्हणणाऱ्यांनी सिंगापूरचाही केलेला नाही. त्यांच्याशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. पण 'मिश्र वापर' म्हणून जे सर्वमान्य झाले आहे, त्याकडे मात्र नीट पाहायला हवे. एखाद्या इमारतीत आज अनेक वापर असणे आणि त्या इमारतीला उद्या वापर बदलता येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधण्याच्या भरात आपण दुसरीचा गळा घोटतो, आणि किनाऱ्यावर खरी गरज दुसरीची आहे.

मुंबईत आज मिश्र वापराची इमारत म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. तळाला दुकाने, त्यावर पोडियममध्ये गाड्यांचे पाच-सहा मजले, त्यावर घरांचा टॉवर. गाड्यांचे मजले बुटके, उतरत्या रॅम्पांनी चिरलेले आणि मध्यभागी दिवसाही अंधारे. उद्या लोकांनी गाड्या कमी वापरायच्या ठरवल्या, तरी त्या मजल्यांवर ना शाळा भरेल ना दवाखाना चालेल. वरचे टॉवर बहुधा मायवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले. काम झपाट्याने होते, गिलाव्याचा खर्च वाचतो. पण बेडरूमची भिंत हीच इमारतीचा भार पेलणारी भिंत असते. दोन खोल्यांची एक करायची तर ती फोडता येत नाही. त्यात संडास-बाथरूमचे खोलगट स्लॅब प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक गोठवलेले. विक्रीच्या दिवशी अशा इमारतीत तीन वापर असतात आणि पन्नास वर्षांनीही तिला त्या तिनांखेरीज चौथा जमणार नाही.

आता याच किनाऱ्यावरची जुनी बांधकामे पाहा. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. वास्तुविद जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली जहाज कंपन्यांसाठी बांधलेल्या त्या दालनांत पुढे हॉटेले आली, उपाहारगृहे आली, सक्तवसुली संचालनालयाचे (ईडी) कार्यालयसुद्धा आले. ससून डॉकच्या गोदामात २०१७ मध्ये कलाप्रदर्शन भरले, तेही शेजारी कोळणींचा बाजार चालू असताना. यांतले काहीच बांधणाऱ्यांच्या मनात नव्हते. मग हे जमले कशामुळे? मजल्यांची उंची गरजेपेक्षा जास्त होती. फरशी गोण्यांच्या थप्प्या पेलेल इतकी भक्कम होती. वातानुकूलन नव्हते, त्यामुळे इमारतीची खोली खिडकीतला उजेड पोहोचेल इतकीच ठेवावी लागली. तीनही बाबतींत गरजेहून थोडे जास्त, हातात काही शिल्लक. जे टिकले तेवढेच आपल्याला दिसते, पडलेली गोदामे कोण मोजतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी टिकलेल्यांत हे तीन गुण पुन्हा पुन्हा सापडतात, हे त्याने खोटे ठरत नाही.

शिल्लक ठेवून बांधण्याच्या या भूमिकेला खरा विरोध आहे तो 'पाडा आणि नव्याने बांधा' म्हणणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे असे: भविष्य कोणालाच कळत नाही, मग न कळणाऱ्या वापरासाठी आज पैसे का अडकवायचे? इमारत तीस-चाळीस वर्षांची धरा, गरज बदलली की पाडा. ऐकायला व्यवहारी वाटते. पण भविष्य कळत नाही हीच तर शिल्लक ठेवण्याची बाजू आहे! याच बंदराने १८८० चा प्रिन्सेस डॉक आणि १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक कंटेनरांच्या जागेसाठी बुजवले, आणि ज्या टर्मिनलसाठी हा खटाटोप झाला तिथे पुढे निर्यातीच्या मोटारी जहाजावर चढू लागल्या. दुसरे म्हणजे, मुंबईत इमारत ठरवल्या दिवशी पडतच नाही. १९६९ च्या सुमारास शहरात १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती आणि चाळी मोजल्या गेल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आजही उभ्या आहेत, कित्येक टेकू लावून. यावर ही मंडळी भाडेनियंत्रण कायद्याकडे बोट दाखवतात. दोष कायद्याचा असेलही, पण त्या चाळींना निदान एकेक मालक होता. मालकी हक्काने विकलेल्या टॉवरला तीनशे मालक असतात आणि प्रत्येकाचे कर्ज, वारस आणि भांडण वेगळे. चाळ जिथे पडली नाही तिथे चाळीस मजल्यांचा टॉवर वेळेवर पडेल, हा विश्वास कुठून येतो? सिमेंट आणि राडारोड्याचा हिशेब तर मी अजून काढलेलाच नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे. उंच मजला म्हणजे जास्त काँक्रीट, आणि ठरावीक उंचीपलीकडे गेले की आपले नियम ती उंची चटईक्षेत्रात धरून दंडच लावतात. म्हणून शिल्लक सगळीकडे नको. जिथे नंतर भरून काढता येत नाही तिथेच हवी. हॅम्बुर्गने आपल्या जुन्या बंदरावर हाफेनसिटी वसवताना तळमजल्याची उंची सुमारे पाच मीटर ठेवायला लावली आणि इमारती पुराच्या पातळीच्या वर, समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरांच्या भरावावर उचलल्या. वरच्या मजल्यांवर काय करायचे याला बरीच मोकळीक दिली. आपल्याकडे भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की काय होते ते २६ जुलै २००५ ला कळले. विजेचे पॅनेल तळघरात आणि जिना एकच, अशी इमारत किनाऱ्यावर कोणत्याच वापराला लायक नाही. वापर बदलू दिला की कमला मिलसारखी आग लागते, अशी भीती घातली जाते. २०१७ च्या त्या आगीत १४ जण गेले. पण गच्चीवर उपाहारगृह चालू देताना सुटकेच्या वाटेचा विचार झाला नाही, हा तिथला दोष. रुंद जिने, दुसरी वाट आणि मोकळे डक्ट ही शिल्लकच आहे, आणि तिच्यात कपात करून चालणार नाही.

शेवटी सगळे येऊन थांबते ते सांगाडा कोणाच्या हाती राहणार यावर. खांब, स्लॅब, जिने आणि डक्ट एकीकडे. आतल्या भिंती, नळ आणि दुकाने दुसरीकडे. डच वास्तुविद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्ये घरांच्या बाबतीत हीच फाळणी मांडली होती. आपल्याकडे ती अवघड होते, कारण सदनिका विकताना सांगाड्याचेही तुकडे विकले जातात. पूर्व किनाऱ्यावर ही अडचण नाही, कारण जमीन बंदराची आहे आणि भाडेपट्ट्याने देण्याची रीत जुनी आहे. त्या पट्ट्यांत आजवर वापराचे प्रयोजन लिहिले गेले: इथे लाकूड, इथे कापूस, इथे धान्य. माल गेला आणि प्रयोजनावरून खटले राहिले. बंदर प्राधिकरणाने आता पट्ट्यात टक्केवारी आणि प्रयोजन लिहिणे सोडावे. त्याऐवजी तळमजल्याची उंची, स्लॅबची भारक्षमता, खिडकीपासूनची कमाल खोली आणि जिन्यांची संख्या लिहावी, सांगाडा स्वतःकडे ठेवावा आणि आत कोण काय करतो हे दर दहा-पंधरा वर्षांनी बदलू द्यावे. हे जमणार नसेल, तर तिथे गोदामेच राहू द्यावीत.