ट्रॅक्टर कुणाला विचारून बनवायचा?

खानदेशात ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ‘हा ट्रॅक्टर कुणाचा?’ असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा दुसऱ्याचंच नाव सांगतो. नानांचा, बापूंचा, गावातल्या अमक्या भाऊंचा. घरचा ट्रॅक्टर घरचाच पोरगा चालवतो अशी घरंही आहेत. पण ज्यांच्याकडे दोन-तीन ट्रॅक्टर आहेत आणि जे गावभर भाड्याने नांगरटी करून देतात, त्यांच्या स्टिअरिंगवर सालदार असतो, नाहीतर पगारी ड्रायव्हर. पाडव्याला साल ठरतं, त्यात ट्रॅक्टर चालवणं आलंच. ही गोष्ट इतकी रोजची आहे की तिच्यात तत्त्वज्ञानाचा वगैरे प्रश्न असेल असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं आहे, आणि त्याचं कारण दोन दिवसांचं एक काम आहे.

एका ट्रॅक्टर कंपनीची माणसं नवं मॉडेल आणण्याआधी जुन्या गिऱ्हाइकांशी बोलत फिरत होती. इंजिनिअर बाहेरचे, हिंदी-इंग्रजी बोलणारे. समोरची मंडळी तावातावाने बोलायला लागली की अहिराणीवर येणारी. मधला माणूस म्हणून मी. पहिल्या दिवशी शिरपूरला एका मंगल कार्यालयात कापूसवाल्यांची बैठक, दुसऱ्या दिवशी रावेर तालुक्यात केळीच्या बागेत.

शिरपूरची चर्चा ऐकण्यासारखी होती. गाडीचा नवा मॉडेल आला की यूट्यूबवर जे चालतं, त्यापेक्षा कितीतरी खोल. डिजिटल मीटर हवा की काट्याचा, यावर वीस मिनिटं. उन्हात डिजिटल आकडा दिसत नाही, काटा दिसतो. एका आबांनी इंजिनमधल्या इलेक्ट्रॉनिक पंपावर बोट ठेवलं. बिघडला तर आमचा मिस्त्री उघडू शकणार का, की लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत पेरणी थांबवायची? ‘मी उघडू शकत नाही ती वस्तू माझी कशी?’ असं ते म्हणाले. हा प्रश्न जगभर गाजतो आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने 2023 मध्ये शेतीयंत्रं दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राने 2022 मध्ये याच विषयावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत. आबांना हे काही माहीत नव्हतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं.

मग यादी पुढे सरकली. ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी राहणारी लोखंडी कमान. ट्रॅक्टर उलटला तर ती जमिनीवर टेकते आणि पट्टा बांधून बसलेला माणूस खाली चिरडत नाही. दुसरी गोष्ट, खाली स्प्रिंग असलेली, वजनाप्रमाणे सैल-घट्ट करता येणारी सीट. दोन्हींनी किंमत वाढणार होती. हॉलमध्ये एकमत झालं आणि मंडळी चहाला उठली: दोन्ही ऑप्शनल ठेवा, ज्याला पाहिजे तो घेईल.

‘ज्याला पाहिजे तो’ म्हणजे नक्की कोण?

त्या हॉलमध्ये तीस-पस्तीस मालक होते. बाहेर पार्किंगमध्ये, लिंबाखाली, त्यांच्यातल्या काहींचे ड्रायव्हर बसले होते. कंपनीचं वाक्य होतं, ‘आम्ही ग्राहकाचं ऐकतो.’ ते खोटं नव्हतं. ते खरोखर ऐकत होते, वहीत लिहून घेत होते. फक्त ग्राहक म्हणजे पैसे देणारा, आणि रोटाव्हेटर लावून दिवसाचे नऊ-दहा तास त्या सीटवर बसणारा माणूस म्हणजे ग्राहक नव्हे, असं कुणीही न ठरवता ठरून गेलं होतं.

मालकांना निर्दय ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मी ते करणार नाही. ट्रॅक्टर कर्जावर असतो, हप्ता सहा महिन्यांनी येतो, आणि कापसाचा भाव काय निघेल ते कुणाच्या हातात नसतं. ज्या माणसाने ‘सीट नको’ म्हटलं, त्यानेच आपल्या ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नात उचल दिली होती आणि परत मागितली नव्हती, असं मला नंतर कळलं. तो माणूस वाईट नाही. त्याला ती पाठ जाणवत नाही, एवढंच आहे. आणि ‘एवढंच’ हा शब्द मी इथे फार सांभाळून वापरतो आहे.

शिरपूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर अमळनेर आहे. साने गुरुजी तिथे शिक्षक होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण 1916 मध्ये प्रताप शेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी केली, आणि देशभरातले तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तापीकाठच्या या मुलखात येऊन राहिले, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे त्यांतलं मोठं नाव. त्यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे छोटं पण जबरदस्त अवघड पुस्तक 1930 मध्ये याच अमळनेरच्या संस्थेने छापलं. त्यात ते शरीराबद्दल एक फरक करतात: बाहेरून दिसणारं शरीर आणि आतून जाणवणारं शरीर. आरशात पाठ दिसते तशी ती आतून नसते. आतलं जाणवणं ज्याचं त्यालाच असतं. त्यांचा रोख पुढे फार वेगळ्या दिशेला, आत्म्याच्या स्वातंत्र्याकडे जातो, पण मला त्या पहिल्या पायरीशीच थांबायचं आहे. ट्रॅक्टरची कंपनं वर-खाली सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा या पट्ट्यात असली की माणसाचा कणा त्यांना साथ देतो, म्हणजे कंपनं शरीरात कमी न होता वाढतात. इंजिनिअरांना हे माहीत असतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, यंत्रं आहेत. यंत्र सीटवर ठेवलं की आकडा मिळतो. तो आकडा म्हणजे दिसणारी पाठ. संध्याकाळी खाटेवर पडल्यावर जी असते ती दुसरी.

कुणी म्हणेल, यासाठी भट्टाचार्य कशाला, कल्पना केली तरी पुरे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 च्या पुस्तकात तशीच युक्ती सुचवली होती: समाजात आपण कुठल्या जागी जन्मणार हे माहीत नाही असं समजून नियम ठरवा. शिरपूरच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या टाकल्या असत्या, ‘उद्या तुमच्यातला कोण मालक आणि कोण ड्रायव्हर हे आत्ता ठरलेलं नाही, आता बोला सीटबद्दल’, तर निकाल वेगळा लागला असता यात मला शंका नाही. पण माणूस कल्पनासुद्धा आपल्याच पाठीने करतो. बैठकीतले बरेच जण तरुणपणी ट्रॅक्टर चालवलेले होते. ‘आम्ही पण चालवला, काय झालं?’ असं ते म्हणत होते. त्यांची कल्पना त्यांच्या आठवणीवर उभी होती, आणि ती आठवण स्वतःच्या रानात, स्वतःच्या मर्जीने, हवं तेव्हा उतरून चहा पिणाऱ्याची होती.

बर्फाळ देशांत बर्फावर पळणाऱ्या स्कूटरचे मालक असेच कंपनीशी हुज्जत घालतात: इंजिन टू-स्ट्रोक हवं की फोर-स्ट्रोक, सीट उंच की बुटकी. तिथे हा घोळ कमी आहे, कारण घेणारा आणि बसणारा सहसा एकच. त्या गाडीच्या मुळाशी तर बनवणाऱ्याचंच दुःख आहे. क्वेबेकमधल्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए याचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात, बर्फामुळे दवाखान्यात नेता न आल्याने गेला. तीन वर्षांनी त्याने बर्फावर चालणारी सात जणांची गाडी बाजारात आणली, आणि 1959 मध्ये त्याची हलकी स्की-डू आली. ट्रॅक्टरच्या बाबतीत बनवणारा, घेणारा आणि बसणारा ही तीन माणसं आहेत, आणि चर्चा दोघांत होते.

त्याच 1959 साली स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती लोखंडी कमान सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटून मरणारे पुढे झपाट्याने कमी झाले. अमेरिकेचा नियम मला जास्त विचार करायला लावतो. तिथे 1976 पासूनच्या नव्या ट्रॅक्टरवर कमान आणि पट्टा सक्तीचा झाला, पण फक्त पगारी माणूस चालवत असेल तर. स्वतःच्या शेतात स्वतः किंवा घरच्यांनी चालवायचा असेल तर तो नियम लागू नाही. अर्धवट वाटतो, पण त्यात एक स्वच्छ नैतिक रेघ आहे. तुझ्या हाडांचा धोका तू घे. दुसऱ्याची हाडं तुझ्या पसंतीच्या यादीत येत नाहीत. शिरपूरला ‘ऑप्शनल’ हा शब्द नेमका या रेषेच्या चुकीच्या बाजूला पडला होता. बॉनेटचा रंग ऑप्शनल असू शकतो. मीटर असू शकतो.

आपल्याकडे ही जाण नव्हतीच असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे कारखानदार आणि मालक यांचं भांडण जुनंच. त्यात ओढणाऱ्याला बोलता येत नव्हतं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी व्हायची, अजूनही होते: जू जिथे टेकतं तिथे गरम पाण्याने शेकून हळद आणि लोणी चोळतात. मालकाचा हात वर्षातून एकदा तरी त्या घट्ट्यावर फिरतो. जू कुठे घासतं ते त्याला बोटांनी कळतं. माणसाची बैलाशी तुलना टोचेल, टोचावी. बैल बोलत नाही म्हणून हात लावून पाहावं लागतं. ड्रायव्हर बोलू शकतो, तरी कुणी विचारत नाही.

रावेरला मी विचारलं. इंजिनिअर बागेत मापं घेत होते. केळी पाच-पाच फुटांवर, दोन ओळींतून छोटा ट्रॅक्टर जाताना उभा सायलेन्सर पानं फाडतो, चाक ठिबकच्या नळीवर चढतं, आणि मागची कमान घडांना लागते. कमानीला मालकाचा विरोध होता तो पैशाचा नव्हता, खरा होता. त्यावर दुमडणारी कमान हे उत्तर आहे, बागेत खाली आणि रस्त्यावर उभी. तेवढ्यात ड्रायव्हरदादांना म्हटलं, तुम्हाला काय पाहिजे नव्या ट्रॅक्टरमध्ये? ते हसले. मग अहिराणीत जे म्हणाले त्याचा मतलब असा: मोबाइल चार्जिंगचं पॉइंट पाहिजे, आणि स्पीकर.

सीट? ‘सीट चांगलीच आहे ना भाऊ.’ कमान? ‘ती काय कामाची.’

इथे माझा सरळ युक्तिवाद अडखळतो, आणि मला तो अडखळलेलाच ठेवायचा आहे. ज्याची पाठ त्याला विचारा, असं म्हणावं, तर विचारल्यावर तो चार्जर मागतो. अमर्त्य सेन यांनी हे फार पूर्वी लिहून ठेवलं आहे: ज्याला मिळण्याची आशाच नसते तो तेवढ्यातच समाधान मानायला शिकतो, म्हणून समाधानावरून न्याय मोजू नये. पण तेवढ्यावर ‘त्याला कळत नाही’ असा निष्कर्ष काढणंही मला पटत नाही. मालक दहा पावलांवर उभा होता. जास्त मागणारा ड्रायव्हर पुढच्या पाडव्याला नको असतो. आणि दिवसभर एकट्याने बसणाऱ्याला गाणं हवंसं वाटणं ही काही छोटी गरज नाही.

मी इतकंच म्हणेन की विचारण्याची जागा बदलायला हवी. मालक नसताना, चार ड्रायव्हर एकत्र असताना, त्यांच्याच भाषेत, आणि ‘काय पाहिजे’ऐवजी ‘कुठे दुखतं’ असं विचारत. आणि जिवाचा प्रश्न असेल तिथे मत मागूच नये, कमान बसवून द्यावी.

एक गोष्ट मात्र दोन्ही दिवसांत कुणाच्याच यादीत आली नाही. रावेरच्या त्या ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर एका जागी रंग पूर्ण उडालेला होता, लोखंड चकचकीत झालेलं. निंदणीला, वेचणीला जाणाऱ्या बाया तिथे बसतात आणि वाकून एका हाताने कडी धरतात. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कुणी बसू नये. तिथे धड बसायची जागा आणि पकडायला दांडा दिला, तर कंपनीने त्या बसण्याला मान्यता दिली असं होतं. नाही दिला, तर त्या तशाच बसणार, कारण रान चार किलोमीटरवर आहे आणि सकाळी सातला पोचायचं आहे. मी इंजिनिअरला तो घासलेला भाग दाखवला. त्याने फोटो काढला आणि ही गोष्ट अहवालात कुठल्या रकान्यात घालायची असं मला विचारलं. मी ‘सीट’ म्हटलं.