धर्मगुरू, सत्ता आणि चौदा दिवसांचा भ्रूण

वैद्यकीय संशोधनात धर्मगुरूंनी लुडबुड करू नये, असे म्हणणे सोपे आहे आणि सुधारकी व्यासपीठावर त्याला टाळ्याही मिळतात. मानवी भ्रूणावरील संशोधनाचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर मात्र हे विधान अपुरे वाटू लागते. ब्रिटन, अमेरिका आणि इटली या तिन्ही देशांत धर्मगुरू बोलले, राज्यकर्त्यांनी ते ऐकले, आणि तरीही निर्णय अगदी वेगवेगळे झाले. हा फरक श्रद्धेतून कमी पडला. धर्मगुरूंचे म्हणणे कुठे मांडले गेले आणि अखेरचा निर्णय कोणाच्या हाती होता, यातून जास्त पडला. जिथे बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतात, तिथे धर्माचा आवाज संशोधनाला शिस्त लावू शकतो. जिथे उत्तर देण्याचे बंधन नसते, तिथे रुग्णांचे आणि संशोधकांचे नुकसान होते, आणि माझ्या मते धर्माचेही.

1978 मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि शरीराबाहेर तयार होणाऱ्या भ्रूणांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारच्या दारात आला. 1982 मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात अ‍ॅन मॅक्लेरन यांच्यासारख्या शास्त्रज्ञ होत्या, तसे धर्मशास्त्राचे प्राध्यापकही होते. 1984 च्या अहवालात समितीने भ्रूणसंशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. त्या सुमारास भ्रूणात आद्यरेषा उमटते, शरीराची दिशा ठरते आणि एका भ्रूणाची जुळी होण्याची शक्यता जवळपास संपते. सदस्यांचे एकमत झाले नव्हते, आणि मतभेदही अहवालात छापले गेले. पुढच्याच वर्षी खासदार इनॉक पॉवेल यांनी असे संशोधन बंद करणारे विधेयक आणले आणि दुसऱ्या वाचनात ते 238 विरुद्ध 66 मतांनी पुढे गेले. वेळ संपल्यामुळे ते बारगळले, नाहीतर विषय तिथेच मिटला असता. नंतरची पाच वर्षे वादात गेली, आणि याच वादात यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगूड लॉर्ड्स सभागृहात संशोधनाच्या बाजूने उभे राहिले. धर्मकार्यात येण्यापूर्वी ते केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचे संशोधक होते. जीव एका क्षणात माणूस होत नाही, तो क्रमाक्रमाने घडतो आणि त्याच्याविषयीचे आपले कर्तव्यही तसेच वाढत जाते, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना विरोध करणारेही श्रद्धावान ख्रिस्तीच होते आणि तेही त्याच सभागृहात बोलले. 1990 मध्ये परवाना, तपासणी आणि चौदा दिवसांची मर्यादा असलेला कायदा झाला. पुढे 2008 मध्ये मानव-प्राणी संकरित भ्रूणांवरून स्कॉटलंडचे कार्डिनल कीथ ओब्रायन यांनी ईस्टरच्या प्रवचनात सरकारवर कडाडून टीका केली. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी वादग्रस्त कलमांवर आपल्या खासदारांना पक्षादेशातून मोकळे केले. खुल्या मतदानात बंदीची सूचना 336 विरुद्ध 176 मतांनी फेटाळली गेली. कार्डिनल हरले, पण त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि त्याला उत्तरही मिळाले.

अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. 1998 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. 23 जुलै 2001 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅस्टेल गँडोल्फो येथे अध्यक्ष बुश यांना अशा संशोधनापासून दूर राहण्याचे आवाहन केले. पोप जे बोलले ते जाहीरपणे बोलले. त्यात गैर काही नव्हते. अडचण होती ती निर्णय एका माणसाच्या हाती असण्याची, आणि त्याच्या मतांची भिस्त सनातनी ख्रिस्ती मतदारांवर असण्याची. 9 ऑगस्टला बुश यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले की, त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांवरील कामालाच सरकारी पैसा मिळेल. सरकारच्या यादीत असे साठहून अधिक वंश होते. त्यांत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे तीन होते. प्रत्यक्ष वापरण्याजोगे निघाले सुमारे एकवीस. खासगी पैशावर चालणाऱ्या कामाला मात्र केंद्र सरकारची कसलीच आडकाठी नव्हती. त्यामुळे विद्यापीठांना सरकारी आणि बिगरसरकारी पैशासाठी वेगवेगळी उपकरणे, कधी वेगळ्या खोल्याही ठेवाव्या लागल्या. प्रजनन केंद्रांत तेव्हा सुमारे चार लाख भ्रूण गोठवून ठेवलेले होते, आणि नको झालेले भ्रूण फेकण्यावर केंद्रीय कायद्याचे बंधन नव्हते. ज्या भ्रूणाच्या रक्षणासाठी हे धोरण होते, त्याचे रक्षण त्यातून झालेच नाही. 2006 पर्यंत काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी निर्बंध सैल करणारे विधेयक मंजूर केले. गर्भपाताचे कट्टर विरोधक आणि मॉर्मन पंथाचे सिनेटर ऑरिन हॅच त्याच्या बाजूने होते. बुश यांनी आपल्या कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार त्याच विधेयकावर वापरला.

इटलीत तर चर्चाच टाळली गेली. 2004 च्या कायद्याने भ्रूणसंशोधनावर बंदी आली, एका वेळी तीनच भ्रूण तयार करण्याची आणि ते सर्व गर्भाशयात सोडण्याची सक्ती झाली. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या जोडप्यांना भ्रूण तपासून घेण्याचीही सोय राहिली नाही. जून 2005 मध्ये सार्वमत झाले, तेव्हा बिशप परिषदेचे अध्यक्ष कार्डिनल कामिल्लो रुइनी यांनी लोकांना ‘नाही’वर शिक्का मारायला सांगितले नाही, मतदानालाच जाऊ नका असे सांगितले. निम्म्या मतदारांनी मत दिले नाही तर सार्वमत रद्द होते. मतदान झाले जेमतेम 26 टक्के. डावपेच म्हणून हे यशस्वी झाले. पण पटवून देण्याचे काम टाळून मिळवलेला तो विजय टिकला नाही. 2009 पासून घटनात्मक न्यायालयाने त्या कायद्यातली अनेक बंधने एकेक करून रद्द केली. तोपर्यंत अनेक जोडप्यांनी उपचारासाठी परदेश गाठला होता.

मग धर्माला या चर्चेत जागाच कशाला द्यायची, असा आक्षेप येईल. कारण भ्रूणाला संरक्षण केव्हापासून द्यावे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. आद्यरेषा केव्हा उमटते ते विज्ञान सांगते. तिथेच का थांबावे, हे सांगत नाही. शिवाय संशोधकांना मोकळे रान दिले तर काय होते, हे अमेरिकेतल्या टस्कीगी येथील प्रयोगाने दाखवले आहे. 1932 पासून चाळीस वर्षे सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवून तिथे निरीक्षणे घेतली गेली. बाहेरचा आवाज हवा, आणि बाहेरच्या आवाजांत कोट्यवधी लोकांची नैतिक भाषा बोलणारा आवाजही हवा.

उलट बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्य मतदानाने ठरत नाही, निष्पाप जिवाच्या हत्येवर तडजोड कसली, असे कॅथलिक विचारवंत विचारतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण श्रद्धावानांचेच यावर एकमत नाही. ज्यू परंपरेत चाळीस दिवसांपूर्वीच्या भ्रूणाला माणसाचा दर्जा नाही. इराणमध्ये 2002 मध्ये सर्वोच्च नेते आयातुल्ला खामेनी यांनीच भ्रूणीय मूलपेशींच्या संशोधनाला संमती दिली आणि तेहरानच्या रोयान संस्थेचे काम पुढे सरकले. संशोधनाला अनुकूल म्हणून मी त्या संमतीचा गौरव करणार नाही. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही, त्याने दिलेली परवानगी तितक्याच सहज काढूनही घेता येते.

निर्बंधांमुळेच भ्रूणाविना मूलपेशी मिळवण्याचा मार्ग सापडला, असेही सांगितले जाते. क्योटोचे शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना मूलपेशींचे रूप दिले, हे खरे. पण कोणती जनुके तपासायची, हे भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासातूनच कळले होते, आणि नव्या पेशी पारखायलाही त्याच लागल्या. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की शास्त्रज्ञांनीही अतिशयोक्ती केली. ज्या संकरित भ्रूणांसाठी 2008 मध्ये एवढा झगडा झाला, त्यांचा उपयोग फारसा झालाच नाही.

भारतानेही चौदा दिवसांची मर्यादा मार्गदर्शक तत्त्वांत स्वीकारली. 2021 च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दहा वर्षे साठवलेले भ्रूण जोडप्याच्या संमतीने संशोधनाला देता येतात. लोकांपर्यंत ही चर्चा आलीच नाही. आता आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संघटनेने 2021 मध्ये चौदा दिवसांपुढील संशोधन सक्त मनाईच्या यादीतून काढले आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेही येणार. तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबई, नागपूर, पणजी अशा शहरांत जाहीर सुनावण्या घ्याव्यात. जैन मुनी, मौलवी, बिशप, कीर्तनकार यांना बोलवावे, वंध्यत्वाने आणि आनुवंशिक आजारांनी गांजलेल्या जोडप्यांसमोर बसवावे, त्या जोडप्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि सगळे इतिवृत्त मराठीतही छापावे.