वर्तुळ कुणाचं पुरं असतं?

गगनबावड्याकडचा माणूस चक्कर येते म्हणून कोल्हापूर गाठतो, एमआरआय काढतो आणि ‘पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनी हायपोप्लास्टिक’ ही ओळ घेऊन घाटमाथ्यावर परततो. घरात लगेच बोलणं सुरू: मेंदूची नस जन्मतःच बारीक, आता कधीही झटका येणार. बहुतेकदा त्या ओळीत आजार नसतोच, नुसती ठेवण असते. पण तपासण्यांची पॅकेजं विकणाऱ्यांना घाबरलेलं गिऱ्हाईक बरं पडतं.

1664 मध्ये इंग्रज डॉक्टर थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं दाखवलं; अहवालातली ती ‘कम्युनिकेटिंग’, म्हणजे जोडधमनी, याच कड्याचा तुकडा. चित्रं क्रिस्टोफर रेनने काढली. त्याच ग्रंथात विलिस एका मृताबद्दल लिहितो: उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी धमनी, कवटीच्या आत दगडासारखी कडक होऊन जवळपास बुजलेली, आणि त्याच बाजूची मणक्यांतून येणारी धमनी दुसरीच्या तिप्पट. माणूस मेला तो भलत्याच आजाराने. पाठ्यपुस्तकांनी कडं ठेवलं, दोन्ही बाजूंनी रेखीव केलं आणि हा बेढब माणूस मागे टाकला.

खरा घोळ 1959 नंतरचा. अल्पर्स, बेरी आणि पॅडिसन यांनी 350 मेंदू तपासले आणि त्यातल्या जेमतेम 52 टक्क्यांत पुस्तकातल्यासारखं कडं सापडलं. आजही हा आकडा ‘निम्म्या लोकांत दोष असतो’ असा वाचला जातो. पण मेंदू कुणाचे होते? मेंदूचा विकार नसलेल्यांचे! म्हणजे नापास झालं ते पुस्तकातलं चित्र, माणसं नव्हेत. शिवाय एक मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाची धमनी ‘बारीक’, ही रेषा अभ्यासकांनी मोजणीच्या सोयीसाठी आखलेली. ती थोडी सरकवा, टक्केवारीही सरकते.

त्यात एमआर अँजिओग्राफीची, म्हणजे धमन्या दाखवणाऱ्या एमआरआयची, भर पडली. तिच्या नेहमीच्या पद्धतीत धमनीची भिंत दिसत नाही, वाहतं रक्त दिसतं. बारीक धमनीत प्रवाह मंद असला की ती चित्रात उमटतच नाही, आणि आहे ती धमनी ‘नाही’ ठरते.

आपल्या घाटांचंच बघा: गगनबावड्यातून कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट. 2024 मध्ये कामासाठी करूळ बंद झाला, तेव्हा गाड्या भुईबावड्याने गेल्या. तो अरुंद आहे म्हणून त्याला कुणी आजारी म्हटलं नाही. अर्थात, सगळी वाहतूक एकदम त्याच्यावर लोटली तर तो तुंबणारच.

ठेवणीला किंमत येते ती अशाच वेळी. कॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत सर्जन धमनीला काही वेळ चिमटा लावतो, तेव्हा पलीकडून रक्त येण्याची वाट किती रुंद आहे हे त्याला ठाऊक हवं. पुढच्या जोडधमनीला रक्त देणाऱ्या दोन धमन्यांत फार तफावत असेल, तर तिथे धमनीला फुगा येण्याची शक्यताही वाढते. चक्कर आलेल्या आपल्या माणसाला मात्र ती ओळच तेवढी पाठ होते. बीपी किती, साखर किती, तंबाखू सुटली का, हे कुणी विचारत नाही.