पुढील अंकी

जुन्या मासिकांचे बांधीव खंड चाळताना एखाद्या चालू कथेच्या शेवटच्या ओळीखाली कंसात छापलेला 'अपूर्ण' हा शब्द दिसला, की मला त्या काळच्या संपादकांच्या सचोटीचे कौतुक वाटते. त्याच जागी कोणी 'पुढे चालू' असे छापीत, आणि अलीकडे तर 'क्रमशः' हे संस्कृत अव्ययच सर्वत्र रूढ होऊन बसले आहे. परंतु ह्या तिहींतला भेद केवळ शैलीचा मानणे चुकीचे ठरेल. 'अपूर्ण' ही वस्तुस्थितीची कबुली आहे. 'पुढे चालू' हा वायदा आहे, आणि वायदा म्हटला की तो मोडला जाण्याचा संभवही त्याच्याबरोबर आलाच. 'क्रमशः' मात्र ना कबुली ना वायदा, कचेरीच्या दारात तिष्ठणाऱ्या अर्जदाराला शिरस्तेदाराने 'कागद वर गेले आहेत' एवढेच सांगून वाटेला लावावे, त्या मासल्याचा तो शब्द आहे. ऐकणाऱ्याच्या पदरात त्याने काहीच पडत नाही, आणि दाद मागायलाही जागा उरत नाही.

ह्या तिष्ठण्याशी माझा परिचय लहानपणीच झाला, आणि तोही दुसऱ्याच्या वतीने. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात येणारी एकदोन मासिके वडील घरी आणीत, आणि दुपारची जेवणे आटोपून आत्या तांदूळ निवडायला बसली म्हणजे त्यांतली चालू कादंबरी तिला वाचून दाखविण्याची कामगिरी माझ्याकडे असे. कारण पोथीच्या ठसठशीत टायपापलीकडे तिची नजर पोचत नसे, आणि मासिकाचे बारीक अक्षर ही तिच्या लेखी मुंग्यांची रांग होती. अशाच एका कादंबरीत, आईमागे मामाच्या आश्रयाला राहिलेल्या मुलीच्या हातात एके संध्याकाळी एक पत्र पडते, ती ते देवघरातल्या समईपाशी नेऊन फोडते, पहिली ओळ वाचते आणि मटकन खाली बसते. आणि ती जी खाली बसली ती आमच्या घरी कित्येक वर्षे तशीच बसून राहिली, कारण पुढच्या महिन्याचा अंक आला नाही आणि त्याच्या पुढच्याही महिन्याचा आला नाही. "काय रे, त्या पत्रात काय होतं ते कळलं का?" असे आत्या प्रथम आठवड्यातून एकदा, मग सणावारी, आणि पुढेपुढे घरात कुणाचेही पत्र आले की हटकून विचारी, न कळल्याचे मी सांगितले म्हणजे त्या ग्रंथकर्त्याचा दोन शब्दांत उद्धार करून पुन्हा तांदळात बोटे घाली.

आता हीच आत्या चातुर्मासात रोज रात्री विठोबाच्या देवळात श्रीधराचा 'हरिविजय' ऐकायला जात असे. अध्याय संपला, की पुराणिकबुवा पोथी रुमालात बांधून चौरंगावर ठेवीत, आणि कृष्णावर कोणतेही संकट घोंघावत असले तरी श्रोते प्रसाद घेऊन, जांभया देत, आपापल्या घरी जात. एकालाही झोप लागली नाही असे झाले नाही. तिला ती कथा आधीच ठाऊक होती म्हणून ती स्वस्थ असे, हे उत्तर सोपे आहे, पण पुरते खरे नाही. कारण पूर्वी कधीही न ऐकलेली आख्याने तिने कीर्तनांतून ऐकली होती, आणि बुवांनी उत्तररंग उद्यावर ठेवला तरी तिचा जीव टांगणीला लागल्याचे मला आठवत नाही. मला वाटते, तिच्या स्वास्थ्याचे मूळ त्या रुमालात होते. उद्याचा अध्याय तिथे, हाताच्या अंतरावर, लिहून तयार होता. तो ऐकायचा राहिला होता, व्हायचा राहिला नव्हता. मासिकातल्या कथेचा उरलेला भाग हा मात्र कोणत्याच चौरंगावर नसतो. तो कोणा एका अनोळखी माणसाच्या डोक्यात आहे असे आपण गृहीत धरतो, आणि तोही तिथे आहे की नाही ह्याची खातरी कोणी द्यावी? विलंब माणूस सोसतो. ज्याची वाट पाहावयाची ते मुळात आहे की नाही, हा संशय त्याला सोसत नाही.

हा संशय छापखान्याबरोबर आपल्याकडे आला. १८६७ मध्ये निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'त रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' प्रकरणशः येऊ लागली आणि ती पुस्तकरूपाने हाती पडायला १८७१ साल उजाडले, तेव्हापासून मराठी वाचकाला हप्त्याने गोष्ट ऐकण्याची सवय जडली. 'हप्ता' हा शब्दही मोठा मार्मिक आहे. फारशीत तो सात दिवसांचा, म्हणजे आठवड्याचा वाचक. आपल्या दप्तरांत शिरल्यावर तो कर्जफेडीच्या भागाला लागू झाला. आणि साप्ताहिकातल्या कादंबरीच्या बाबतीत त्याचे दोन्ही अर्थ एकवटले. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यातून आठवड्याच्या आठवड्याला लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिच्या नायिकेचे, यमूचे, दुःख पुण्यामुंबईच्या माजघरांतून हप्त्याहप्त्यानेच पोचले. पुढच्या आठवड्यापर्यंत तिच्या नशिबी काय वाढून ठेवले असेल ह्याची चिंता करणाऱ्या बायांमध्ये खुद्द यमूच्याच वळणाचे आयुष्य कंठणाऱ्याही असल्या पाहिजेत. पण तेच हरिभाऊ कित्येकदा थकबाकीदारही ठरले. त्यांची 'गणपतराव' अपुरी राहिली, 'कर्मयोग' अपुरी राहिली. संपादक तेच, लेखक तेच, तगादा लावणारे तेच आणि ज्याला तगादा लावायचा तेही तेच. शिवाय आनंदाश्रमाची व्यवस्था आणि नगरपालिकेचे काम. एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाकडे दोनचार गोष्टींचे येणे राहिले ह्याचा राग धरणे कृतघ्नपणाचे होईल हे मला कळते. तरी 'गणपतराव' जिथे थांबते तिथे येऊन पोचलो म्हणजे तो राग येतोच, आणि कळण्याचा त्यावर काही इलाज चालत नाही.

ऋणको कसा असावा ह्याचा एक नमुना इंग्रजीत आहे. चार्ल्स डिकन्स पंचवीस वर्षांचा असताना, १८३७ च्या मे महिन्यात, त्याची सतरा वर्षांची मेहुणी मेरी होगार्थ अकस्मात वारली. तो 'पिक्विक' आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' ह्या दोन कादंबऱ्या एकाच वेळी मासिक हप्त्यांनी लिहीत होता, आणि त्या महिन्यात त्याच्याने दोहोंपैकी एकीचीही ओळ लिहवली नाही. पुढचा 'पिक्विक'चा अंक निघाला तेव्हा त्यात त्याने ह्या खंडाचे कारण वाचकांना छापून सांगितले. खंड एका महिन्याचा, कारण घरातल्या मृत्यूचे, आणि तरीही त्याला वाटले की जबाब देणे आपल्याला लागू आहे. हाच गृहस्थ बत्तीस वर्षांनी 'एडविन ड्रूड' लिहायला बसला तेव्हा, आपण मध्येच मेलो किंवा लिहिण्यास असमर्थ ठरलो तर प्रकाशकाला किती रक्कम परत द्यावी हे लवादाने ठरवावे, असे कलम त्याने स्वतः आग्रहाने करारनाम्यात घालविले; आणि बारा हप्त्यांपैकी सहांचा मजकूर मागे ठेवून ९ जून १८७० रोजी तो खरोखरच गेला. एडविनचा खून झाला की तो नुसताच नाहीसा झाला, आणि खून झाला असल्यास तो त्या अफूबाज मामानेच केला की काय, ह्यावर तेव्हापासून पंडितांचे आणि हौशी लोकांचे कज्जे चालूच आहेत. मला त्या कलमाची गंमत वाटते. प्रकाशकाच्या पैशाची तजवीज झाली. दरमहा एक शिलिंग मोजणाऱ्या वाचकाला एडविनचे काय झाले ते सांगण्याची तजवीज कोणत्या कलमात बसवायची हे त्यालाही सुचले नसावे.

तथापि मेलेल्या लेखकाबद्दल वाचकाची फिर्याद फार काळ टिकत नाही. तिथे मृत्यूने निकाल दिलेला असतो, आणि निकाल विरुद्ध गेला तरी माणूस घरी जाऊन झोपतो. खरी कुचंबणा होते ती लेखक जिवंत असून मुका असतो तेव्हा. कारण तो दावा खारीजही होत नाही आणि मंजूरही होत नाही, तारखेमागून तारीख पडत राहते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात अशी तरतूद होती, की ज्या माणसाची वार्ता त्याच्या आप्तेष्टांना सात वर्षे लागली नाही, तो हयात आहे असे म्हणणाऱ्यानेच ते शाबीत करावे. परागंदा नवऱ्याच्या बायकोला, वाटणी अडलेल्या भावाला ह्या मुदतीचा केवढा आधार असेल! कथेला मात्र अशी मुदत नाही, आणि एका दृष्टीने नाही हेच बरे. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'श्रीकांत'चा पहिला भाग १९१७ साली आणि दुसरा १९१८ साली पुस्तकरूपाने आला, पण तिसऱ्याला १९२७ साल उजाडले आणि चौथ्याला १९३३. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांमध्ये नऊ वर्षे आहेत. सात वर्षांचा कायदा त्यातल्या नायिकेला, राजलक्ष्मीला, लावला असता, तर ती परत आली तेव्हा कागदोपत्री मृत ठरलेली असती. मामा वरेरकरांच्या भाषांतरांमुळे शरदबाबूंची पुस्तके सलग हाती पडलेल्या आपल्याकडच्या वाचकाला त्या नऊ वर्षांची कल्पना यायची नाही. मला तर, त्याने काहीतरी फुकटात मिळवले आणि काहीतरी गमावले, असे दोन्ही वाटते.

पण ह्या सगळ्या प्रकरणाचा मूळ कागद आपल्याच घरात, आणि तोही एका साध्या शब्दात दडलेला आहे. इंग्रजी नॉव्हेलला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मराठीने ते बाणभट्टाकडून घेतले, आणि बाणाची 'कादंबरी' ही अपुरी राहिलेली कथा आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या आश्रयाला असलेल्या त्या महाकवीने, जन्मांतरांचे पेड एकमेकांत गुंतवीत गोष्ट अशा ठिकाणी आणली, की पत्रलेखा परत येऊन चंद्रापीडाला कादंबरीची विरहावस्था तिच्याच शब्दांत ऐकवीत आहे. आणि तेथे, नायिकेचे बोलणे पुरते व्हायच्या आत, बाण थांबला. पुढचा भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहिला. एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराचे नाव ज्या भाषेने अर्ध्यावर तुटलेल्या ग्रंथावरून घेतले, त्या भाषेच्या वाचकाने 'अपूर्ण' ह्या शब्दाने दचकावे हे थोडे विनोदीच म्हणायचे.

भूषणभट्टाने आपल्या भागाच्या आरंभी जे म्हटले आहे ते माझ्या दृष्टीने ह्या विषयावरचे सर्वांत सभ्य निवेदन आहे. वडील स्वर्गवासी झाले, त्यांच्या वाणीबरोबर कथाप्रबंधही खंडित झाला, आणि तो पुरा न झाल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून मी हे हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, अशा आशयाचे तो बोलतो. ह्यात वाचकाच्या दुःखाला दुःख म्हटले आहे, उतावळेपणा म्हटलेले नाही. आणि त्या दुःखासाठी एका मुलाने, आपण बापाच्या पासंगाला पुरणार नाही हे जाणूनही, लेखणी उचलली आहे. तो पुरला नाहीच. उत्तरभागाला पूर्वभागाची सर नाही असे बहुतेक रसिक म्हणतात, आणि ते म्हणत असताना तो शेवटपर्यंत वाचतात.

उत्तरभाग कोणीही लिहिला असता तरी तो थोडा परकाच वाटला असता, असा मला संशय आहे. कदाचित बाणाने स्वतः लिहिला असता तरीही. कारण थांबलेली गोष्ट थांबलेली राहत नाही. महिनाभर, वर्षभर ती वाचकाच्या स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर, रात्रीच्या अंथरुणात पुढे सरकत असते, त्याच्या घरातली माणसे तिच्यात शिरत असतात, आणि लेखक जेव्हा सवडीने आपला पुढचा हप्ता घेऊन येतो तेव्हा त्याच्या ध्यानात येत नाही, की ज्या मिळकतीवर तो एकट्याचा हक्क समजत होता तिच्यावर एव्हाना दुसऱ्या कोणाची वहिवाट पडली आहे.

मी नोकरीला लागल्यावर एका मोठ्या शहरातल्या ग्रंथसंग्रहात मला त्या जुन्या मासिकाचे बांधीव खंड सापडले. आमच्या गावी अंक येईनासे झाले ह्यात ग्रंथकर्त्याचा काडीइतकाही दोष नव्हता. त्याने कादंबरी नेमाने पुढच्या तीन अंकांत पुरी केली होती, आणि मासिकही त्यानंतर काही वर्षे चालले होते. आमच्या वाचनालयाने वर्गणी थकविली होती, एवढाच मामला. इतकी वर्षे आत्याने केलेला उद्धार एका निरपराध माणसाच्या खाती जमा झाला होता. ते तीन हप्ते मी रात्री बसून उतरवून घेतले आणि दिवाळीला घरी गेलो तेव्हा, पूर्वीच्याच ओसरीवर, ती तांदूळ निवडीत असताना, तिला वाचून दाखविले. पत्र मुलीच्या वडिलांचे होते. मेले म्हणून समजलेले ते गृहस्थ ब्रह्मदेशात लाकडाच्या व्यापारात गब्बर झाले होते, आणि शेवटच्या प्रकरणात मुलीचे लग्न एका मुनसफाशी थाटात लागले.

आत्याने सारे ऐकून घेतले. मग सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकीत ती म्हणाली, "हे त्यानं घाईनं लिहिलंय. बापाचं पत्र असतं तर ती पोर खाली कशाला बसली असती? नाचली असती." थोडा वेळ ती गप्प राहिली, आणि मी कागद गोळा करू लागलो तसे तिने विचारले, "पुढचा अंक कधी येतोय?"