विरजणाची वाटी

दही कितीही थोडं उरलेलं असो, विरजणापुरतं आधी बाजूला काढायचं आणि मग ताटात वाढायचं. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नाही, पण तो मोडणारं घर मला आठवत नाही. पाहुणे आले आणि दही कमी पडलं, तर पाणी घालून ताक वाढवतील. विरजणाची वाटी मात्र फळीवर तशीच राहील. उद्याचं दही त्या चमचाभरात आहे, हे घरातल्या बाईला पक्कं ठाऊक असतं. बाईचं पोट, तिची पाळी आणि आंबवलेलं अन्न यांविषयी मला जे सांगायचं आहे, ते या वाटीपासूनच सुरू होतं.

आमचं हर्सूल आता छत्रपती संभाजीनगर शहराचाच भाग आहे. एकीकडे तलाव, एकीकडे कारागृह, मध्ये जळगाव रस्त्याची वर्दळ, आणि नवरात्रात हरसिद्धी देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी. पिशवीतलं दूध आणि डब्यातलं दही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तरीही थंडीत दही लागावं म्हणून पातेलं गोधडीत गुंडाळायचं, आणि विरजण बिघडलंच तर वाटी घेऊन शेजारी जायचं, ही रीत इथल्या घरांतून गेलेली नाही. गोधडी कशासाठी? दुधाला दही करणाऱ्या जिवाणूंना साधारण 40 अंशांची ऊब आवडते. ऊब मिळाली की ते दुधातली साखर खातात, तिचं लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आंबटपणानं दुधातलं प्रथिन गोठतं. उन्हाळ्यात हे काम पाच-सहा तासांत उरकतं, थंडीत सबंध रात्र घेतं. म्हणजे आपण जेवायच्या आधीच पचनाचं थोडं काम पातेल्यात होऊन गेलेलं असतं. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना ताक चालतं, ते बरंचसं यामुळेच.

मात्र आंबवलेलं सगळंच जिवंत नसतं. चैत्र-वैशाखात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतात, मग चीक काढून शिजवतात आणि कुरडया उन्हात वाळवतात. त्यातले जिवाणू चुलीवरच संपतात. उकळलेल्या कढीत, वाफवलेल्या इडलीतही ते उरत नाहीत. कैरीचं तेल-मिठातलं लोणचं तर पुष्कळदा आंबलेलं नसतंच, फक्त मुरलेलं असतं. याचा अर्थ हे पदार्थ वाया गेले असा नाही. जिवाणू मेले तरी त्यांनी केलेलं काम पदार्थात राहतं. पण जिवंत जिवाणू पोटात जावेत असं वाटत असेल, तर घरचं दही आणि ताजं ताक यांना तोड नाही.

आता पोटातलं बघू. आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणूंची वस्ती आहे, आणि बाईच्या शरीरात त्या वस्तीचा संबंध थेट संप्रेरकांशी येतो. इस्ट्रोजेनचं काम झालं की यकृत त्याला एक साखळी जोडून निकामी करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं, मलावाटे बाहेर जाण्यासाठी. वाटेत काही जिवाणू आपल्या विकरानं ती साखळी तोडतात. मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शिरतं. किती परत फिरायचं आणि किती बाहेर जायचं, यात या वस्तीचा हात असतो. 2011 मध्ये क्लॉडिया प्लॉटेल आणि मार्टिन ब्लेझर यांनी अशा जिवाणूंच्या समूहाला ‘एस्ट्रोबोलोम’ असं नाव दिलं. बद्धकोष्ठ असेल, चोथा खाल्ला जात नसेल, तर इस्ट्रोजेनचा आतड्यातला मुक्काम आणखी लांबतो.

उलट दिशेनंही हा व्यवहार चालतो. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि आतड्यांची हालचाल मंदावते. पोट फुगतं, साफ होत नाही. पाळी सुरू झाली की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं गर्भाशयाबरोबर आतड्यांनाही आकुंचन देतात, आणि तेच पोट ढिलं होतं. दर महिन्याला हे सोसणाऱ्या बाईला ‘काहीतरी खाल्लं असशील’ असं ऐकवलं जातं. तिनं काही वावगं खाल्लेलं नसतं.

योनिमार्गातही दह्याच्या जिवाणूंच्याच गोतातले लॅक्टोबॅसिलस राहतात. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन वैद्यानं 1892 मध्ये त्यांचं वर्णन केलं. इस्ट्रोजेनमुळे तिथल्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यावर हे जिवाणू पोसले जातात, आणि त्यांच्या आम्लामुळे संसर्ग करणारे जंतू दूर राहतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, ग्लायकोजेन कमी होतं, हे रक्षकही विरळ होतात. त्या वयात कोरडेपणा आणि लघवीचा संसर्ग वाढतो, त्याचं एक कारण हे आहे.

मग रोज ताक प्यायल्यानं काय होतं? 2021 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास आला. 36 निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटानं 10 आठवडे आंबवलेले पदार्थ वाढवत नेले, दुसऱ्यानं चोथ्याचं अन्न. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी 19 प्रथिनं कमी झाली. चोथा खाणाऱ्यांत विविधता तेवढ्या दिवसांत वाढली नाही, पण चोथा पचवणारी जिवाणूंची विकरं वाढली. तिथं हे दोन गट होते. आपल्याकडे ते एकाच ताटात येतात. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ हा जिवाणूंचा खुराक, आणि शेजारी ताकाचा पेला.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ताकातून गेलेले जिवाणू आतड्यात बहुधा कायमचं घर करत नाहीत. ते येतात, काम करतात, पुढं निघून जातात. म्हणून एका दिवशी वाडगाभर दही खाऊन चार दिवसांची भरपाई होत नाही. थोडं खावं, पण रोज खावं. विरजणाचाही न्याय हाच: चमचा लहान असला तरी चालतो, खंड पडला की संपलं.

मराठवाड्याच्या आंबिलात हे शहाणपण सगळ्यांत सुंदर दिसतं. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे घरंच्या घरं आंबिलाचं मडकं घेऊन शेतात जातात. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात शिजवायचं, आणि गार झाल्यावर लसूण-जिऱ्याबरोबर पुन्हा ताक घालायचं. ज्वारीत लोह असतं, पण त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. रात्रीच्या आंबण्यात ही पकड सैल होते आणि लोह अंगी लागायला मदत होते. शिजवताना मेलेल्या जिवाणूंची जागा नंतर घातलेलं ताक भरून काढतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांना रक्तक्षय आढळला. पाळीत रक्त जाणाऱ्या, जेवणावर लगेच चहा घेणाऱ्या बाईला आंबील हा सणापुरता नव्हे, आठवड्याचा पदार्थ असायला हवा.

तरी ताक हे औषध नव्हे. त्यानं पीसीओएस बरा होत नाही, थायरॉइडची गोळी सुटत नाही, मुरलेला रक्तक्षय एकट्या आंबिलानं भरून निघत नाही. अंगावरून जास्त जात असेल, महिनोन् महिने पाळी येत नसेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर दवाखाना गाठायचा. दह्यावर बुरशी आली तर वरची साय काढून न खाता सगळंच टाकायचं. रक्तदाब असेल तर ताकात मीठ जपून घालायचं.

ताकाचं काम रोजच्या सोबतीचं आहे, आणि नेमकी ती सोबत बाईच्या वाट्याला येत नाही. दूध ती तापवते, विरजण ती लावते, पहाटे ताक ती घुसळते. लोणी मुलांना जातं, घट्ट ताक कामावर जाणाऱ्याला. ती शेवटी जेवायला बसते तेव्हा तांब्याच्या तळाशी पाणीच जास्त असतं. कुणी दुष्ट असतं म्हणून हे होत नाही. उरलेलं ते आपलं, असं तिनं मनाशी धरलेलं असतं.

विरजणाला मात्र ती असं वागवत नाही. ते उरलेल्यातून निघत नाही, सगळ्यांच्या आधी निघतं, कारण त्यावर उद्याचं घर चालायचं असतं. घर तर तिच्यावरही चालतं. म्हणून फळीवर विरजणाची वाटी ठेवताना तिच्या शेजारी ताकाचा एक पेला ठेवावा, वाढायला घेण्याआधी. तो तिचा. पाहुणे आले तरी त्याला हात लावायचा नाही.